तरस: कुत्र्याचे भाऊबंद की मुंगसाचे?

पुणे, सोलापूर या जिल्ह्यांतील माळरानांवर आजही तरस आढळते. दिवसा ते बिळात किंवा खडकाच्या कपारीत पडून राहते. अंधार पडल्यावर मेलेल्या जनावरांच्या वासाने ते गावाच्या कडेपर्यंत येते आणि तेथे त्याची गाठ पडते ती गावकुत्र्यांशी. बॅटरीच्या उजेडात क्षणभर दिसलेले लांबट तोंड, उभे कान आणि झुपकेदार शेपूट पाहून 'हे कुत्र्याच्याच जातीतले' असे कोणीही म्हणेल. मग पुढचा प्रश्न ओघानेच येतो. गावातल्या कुत्रीला अंगावर पट्टे असलेले पिल्लू झाले, तर ते तरसापासून झालेले असू शकेल काय?

या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे एका शब्दात देता येते. पण ते 'नाही' कशावरून, हे समजून घेताना वर्गीकरण, उत्क्रांती आणि आनुवंशिकता या तिन्ही विषयांची उजळणी होते. म्हणून आपण त्याचा जरा सविस्तर विचार करू.

बाह्यरूपावरून फसगत होणे स्वाभाविक आहे. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या कार्ल लिनियसने 1758 मध्ये पट्टेरी तरसाला कुत्रा, लांडगा व कोल्हा यांच्याच प्रजातीत बसवले होते. तरसाला त्याने 'कॅनिस हायीना' असे नाव दिले. 'कॅनिस' म्हणजे कुत्रा. पुढे तरसासाठी वेगळी प्रजाती करण्यात आली. 1869 मध्ये विल्यम हेन्री फ्लॉवर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने मांसभक्षी प्राण्यांच्या कवट्यांचे तळ तपासून त्यांचे गट पाडले. त्यात तरस कुत्र्यांच्या गटात न जाता मांजर, जवादी मांजर आणि मुंगूस यांच्या गटात गेले. कातडीखाली पाहिले तेव्हा नाते वेगळे निघाले!

हा फरक आपल्यालाही मोजता येतो. प्रौढ कुत्र्याला 42 दात असतात, तर पट्टेरी तरसाला 34. कुत्र्याच्या पुढच्या पायाला पाच बोटे असतात. त्यांपैकी एक वर चढलेले, जमिनीला न टेकणारे असते. तरसाच्या पुढच्या पायाला चारच बोटे असतात. तरसाचे पुढचे पाय मागच्या पायांपेक्षा लांब असल्यामुळे त्याची पाठ मागे उतरती दिसते. शिवाय त्याच्या गुदद्वाराजवळ गंधग्रंथींची एक पिशवी असते. तिच्यातील स्राव गवताच्या काड्यांना फासून ते आपली हद्द आखते.

आता वंशवृक्ष पाहू. मांसभक्षी गणाच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एका शाखेत कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड, अस्वल, पाणमांजर आणि सील येतात. दुसऱ्या शाखेत मांजर, वाघ, जवादी मांजर, मुंगूस आणि तरस येतात. या दोन शाखा सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. डीएनएच्या अभ्यासानेही हीच मांडणी पक्की केली असून तरसांचे सर्वांत जवळचे आप्त म्हणजे मुंगूस आणि मादागास्करमधील काही मांसभक्षी प्राणी होत, असे दाखवले आहे. याचा अर्थ असा, की कुत्र्याला तरसापेक्षा अस्वल जवळचे. इतकेच काय, समुद्रातला सीलसुद्धा जवळचा!

मग तरस कुत्र्यासारखे दिसते कसे? सारखे काम करावे लागले, की शरीरेही सारखी घडत जातात. उघड्या माळावर लांब पल्ला चालायचा, भक्ष्य हुंगून काढायचे आणि नखांपेक्षा जबड्यावर भिस्त ठेवायची, असे जगणे दोघांच्याही वाट्याला आले. सुरुवातीचे तरस जवादी मांजरासारखे लहान होते. पुढे युरोप-आशियात सडपातळ, धावणारे, कुत्र्यासारखे दिसणारे तरस निर्माण झाले. त्याच काळात कुत्र्यांचे कुळ उत्तर अमेरिकेत वाढत होते आणि तेथे तरस नव्हते. तेव्हा तेथील काही कुत्र्यांनीच हाडे फोडण्यास योग्य असे भक्कम जबडे व दात कमावले. थोडक्यात, एका खंडात तरस कुत्र्यासारखे झाले, तर दुसऱ्या खंडात कुत्रे तरसासारखे झाले! याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. ती साम्य निर्माण करते, नाते नव्हे.

संकराला मात्र नातेच लागते. शुक्रपेशीने अंडपेशीत शिरायचे, तर त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिने एकमेकांशी जुळावी लागतात. फलन झालेच, तरी आई आणि बाप यांच्याकडून आलेल्या जनुकांना एका गर्भात मिळून काम करता आले पाहिजे. घोडा आणि गाढव हे अगदी जवळचे आप्त. घोड्याची गुणसूत्रे 64, तर गाढवाची 62. त्यांच्या संकरातून 63 गुणसूत्रांचे खेचर जन्मते, पण ते जवळजवळ नेहमीच वांझ असते. कुत्र्याच्या पेशीत 78 गुणसूत्रे असतात आणि तरसाच्या पेशीत 40. अर्थात केवळ आकड्यावर विसंबू नये. मांजराची गुणसूत्रे 38, म्हणजे तरसाच्या 40 च्या जवळच आहेत. तरी त्यांचा संकर होत नाही. खरी अडचण आहे ती वेगळे होऊन लोटलेल्या काळाची.

हा काळ किती, याचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. 2021 मध्ये ब्राझीलमध्ये एक विचित्र मादी सापडली. जनुकीय तपासणीत ती कुत्रा आणि पँपास खोकड यांची संकरज असल्याचे ठरले. खोकडाची गुणसूत्रे 74, कुत्र्याची 78 आणि तिची बरोबर मधली, म्हणजे 76! या दोघांचे पूर्वज सुमारे 67 लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले होते. इतक्या दूरचा संकर झाला, याचेच शास्त्रज्ञांना नवल वाटले. कुत्रा आणि तरस यांच्यातले अंतर याच्या सातपटीहून अधिक आहे.

तेव्हा पट्टे असलेले पिल्लू तरसाचे नव्हे. कुत्र्यांच्या स्वतःच्या जनुकांमुळेही अंगावर पट्टे येतात. अशा कुत्र्यांना 'वाघ्या' म्हणण्याची आपली रीत आहे. त्यांचा वाघाशी जेवढा संबंध, तेवढाच तरसाशी.

येथे प्रश्न संपतो, असे मात्र नाही. जेथे नाते जवळचे आहे, तेथे संकराचा धोका खरा आहे. कुत्रा हा लांडग्यापासूनच माणसाळलेला प्राणी. दोघांची गुणसूत्रे 78 आणि त्यांची पिल्ले प्रजननक्षम असतात. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे 2023 मध्ये जनुकीय पुराव्यानिशी प्रसिद्ध झाले. माळरानावर आधीच थोडे उरलेले लांडगे अशा संकराने आपले लांडगेपण गमावण्याची भीती आहे.

तरसाला ही भीती नाही, पण कुत्र्यापासून तेही सुरक्षित नाही. रोगाचे विषाणू संकराइतके नात्याचे बंधन पाळत नाहीत. 1994 च्या सुमारास टांझानियातील सेरेनगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाच्या विषाणूने सुमारे एकतृतीयांश सिंह बळी घेतले. त्या साथीत ठिपकेदार तरसेही सापडली. रेबीजही कुत्र्यापासून तरसाला होऊ शकतो. म्हणून गावकुत्र्यांना लस टोचणे आणि मेलेली जनावरे उघड्यावर न टाकणे, हे माणसांच्या हिताचे तसेच रानातल्या प्राण्यांच्याही हिताचे आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. कुत्रा, तरस, मांजर, मुंगूस, अस्वल आणि सील यांची चित्रे मुलांना द्यावीत व दिसण्यावरून गट पाडायला सांगावेत. मग दात, बोटे आणि गुणसूत्रे यांची माहिती देऊन गट पुन्हा पाडायला लावावेत. शेवटी वंशवृक्ष फळ्यावर काढावा. पहिल्या खेपेला तरस बहुधा कुत्र्याशेजारी बसेल. ते तेथून का उठले, हे मुलांनाच सांगू द्यावे.