टोळी, मुकादम आणि लेव्ही

डिलिव्हरी अ‍ॅपवरच्या रेटिंगचं गणित या आठवड्यात मांडायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या भागात, कारण सांगलीजवळच्या हरिपूरच्या एका वाचकाचा प्रश्न आडवा आला आहे. त्यांचे आजोबा हळदीची पेवं भरायचे. आज एका व्यापाऱ्याचा माल, उद्या दुसऱ्याचा, आणि मजुरी पोत्यामागे. मग गेल्या भागातला साताऱ्याचा डिलिव्हरी बॉय त्यांच्याहून वेगळा कसा?

फारसा नाहीच. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, अरुंद तोंडाचं कोठार. बंद पेवातली हवा माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून ते उघडून बराच वेळ तसंच ठेवल्याशिवाय आत कुणी उतरत नसे. तरी घाईत एखादा उतरला आणि गुदमरला, तर जबाबदारी कुणाची? हळद शेतकऱ्याची, सौदा अडत्याचा, पेव तिसऱ्याच्याच मालकीचं. हमाल मात्र कुणाचाच नाही. आज पार्सल नेताना साताऱ्याच्या पोवई नाक्यावर दुचाकी घसरली, तर हॉटेल आणि अ‍ॅपची कंपनी एकमेकांकडेच बोट दाखवू शकतात.

या पेचातून वाट काढणारा माणूस साताऱ्याचाच होता. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील. मुंबईच्या दाणाबंदरात पाठीवर पोती वाहणारे कितीतरी जण पाटण-जावळीकडचे होते. त्यांना अण्णासाहेबांनी संघटित केलं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ मध्ये माथाडी, म्हणजे ओझं वाहणाऱ्या कामगारांचा कायदा झाला.

कायद्याची खुबी अशी की, हमालाचा खरा मालक कोण हा वाद त्याने बाजूलाच ठेवला. मालक, कामगार आणि सरकार यांचं एक मंडळ नेमलं. व्यापाऱ्याने मंडळात नोंदणी करायची, हमालांच्या टोळीनेही करायची. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्के जादा रक्कम, मंडळाकडे भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार. व्यापारी बदलला तरी हमालाचं खातं तेच. व्यापाऱ्याचीही सोय झाली: हंगाम सरल्यावर बारमाही पगार अंगावर नाही.

केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यात गिग कामगाराचं, म्हणजे डिलिव्हरी बॉयसारख्यांचं, नाव आहे. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच. तरीही राजस्थानचा २०२३ चा कायदा माथाडीच्या अधिक जवळचा वाटतो: मंडळ, आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क.

हमाल आणि डिलिव्हरी बॉय यांच्यातला खरा फरक नेतृत्वात आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. टोळीला मुकादम असतो. तो पोती मोजतो, वाटणी करतो, वेळ पडली तर अडत्याशी भांडतो. तो नेहमी सज्जन असतो असं नाही, पण त्याला गाठता येतं. अ‍ॅपमध्ये कामाची वाटणी संगणक करतो. वाटणी चुकली तर कंपनीतल्या व्यवस्थापकालाही त्या मुलाचा चेहरा ठाऊक नसतो. मुलं एकमेकांना भेटतात ती हॉटेलच्या दारात, पार्सलची वाट बघताना. त्यातून पुढारी उभा राहणं अवघड.

माथाडीलाही डाग लागलेच. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात माथाडीच्या नावाखाली खंडणी मागितल्याच्या तक्रारी झाल्या. उद्योजक आजही कायद्याकडे त्याच चष्म्यातून बघतात. नोंदणीकृत हमालाला त्याची झळ बसते.