एक छत्री, चार खोल्या : घरातल्या प्रत्येक टीव्हीला सिग्नल कसा पोहोचवायचा

एकत्र कुटुंबात टीव्ही एक आणि बघणारे दहा, हा आपल्या मोहल्ल्यांतला जुनाच प्रश्न. दादीजानला उर्दू बातम्या हव्या असतात, अब्बांना क्रिकेट, लहानग्यांना कार्टून आणि दहावीतल्या मुलीला शांतता. मग वरच्या खोलीत एक जादा डीटीएच बॉक्स येतो, मागच्या खोलीत अजून एक, आणि दर महिन्याला प्रत्येकाचा रिचार्ज. फीचे, औषधांचे पैसे मोजून ठेवणाऱ्या घरात हा खर्च टोचतोच.

यातून सुटायचा सरळ रस्ता म्हणजे प्रसार भारतीची डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ती सुरू झाली. छत्री, बॉक्स आणि वायर यांचा एकदाच खर्च, पुढे मासिक पैसे नाहीत. डीडी उर्दू, डीडी सह्याद्री आणि बातम्यांच्या वाहिन्या तर आहेतच. शिवाय २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रिकेट सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना दूरदर्शनला द्यावं लागतं, म्हणून असे सामनेही इथे दिसतात. आमच्या दृष्टीने खरी कामाची गोष्ट म्हणजे पीएम ई-विद्याच्या वाहिन्या, पहिली ते बारावी, प्रत्येक इयत्तेला एक. अभ्यासक्रम एनसीईआरटीचा, पण गणित-विज्ञान राज्य बोर्डाच्या मुलांनाही उपयोगी पडतं. जिथे नेट महाग किंवा मोबाइल एकच, तिथे याची किंमत कळते. हां, खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे आज दिसणारा चॅनेल उद्या असेलच असं नाही. अधूनमधून बॉक्सवर ऑटो स्कॅन करत राहावं.

काही घरांच्या कौलांवर अजून जुनी काड्यांची अँटेना उभी आहे. दूरदर्शनने जमिनीवरची बहुतेक जुनी अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं बंद केली आहेत, तेव्हा ती उतरवून टाकायला हरकत नाही. तिचा पाइप मजबूत असेल तर छत्रीला वापरा.

आता मुख्य मुद्दा. एका छत्रीवर चार टीव्ही चालतात का? चालतात, पण छत्रीच्या दांडीच्या टोकाला जो डबीसारखा भाग असतो, ती एलएनबी चार तोंडांची हवी. साध्या एलएनबीला एकच तोंड असतं. दुकानात दोन तोंडांची आणि चार तोंडांचीही मिळते. प्रत्येक तोंडातून एक वायर निघून थेट एका खोलीतल्या बॉक्सला जाते आणि चारही खोल्यांत वेगवेगळा चॅनेल लावता येतो.

इथे बरेच लोक पैसे वाचवायला केबल टीव्हीचा साधा स्प्लिटर लावतात आणि मग सिग्नल नाही म्हणून बसतात. कारण समजून घ्या. छत्रीतून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतो, तर केबलचा स्प्लिटर साधारण १००० पर्यंतसाठीच बनवलेला. दुसरं म्हणजे एलएनबीला वीज त्याच वायरमधून बॉक्सकडूनच मिळते. बॉक्स १३ व्होल्ट पाठवतो की १८, यावरून एलएनबी सिग्नलची उभी लहर द्यायची की आडवी हे ठरवते. एकाच तोंडावर दोन बॉक्स लावले आणि दोघांची मागणी वेगळी निघाली, तर एकाचं चित्र जाणारच. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: स्प्लिटरच्या भानगडीत पडू नका. आधी खोल्या मोजा, तेवढ्या तोंडांची एलएनबी घ्या. आज दोनच टीव्ही असले तरी चार तोंडांची घेतलेली बरी. उरलेल्या तोंडांवर रबरी टोपी घालून ठेवा.

सगळीकडे एकच चॅनेल चालणार असेल, समजा हॉलमधलंच चित्र अम्मीच्या खोलीत पलंगावरून दिसावं, तर एक बॉक्स आणि एचडीएमआय स्प्लिटरवरही भागतं. मात्र चॅनेल बदलायला हॉलमध्ये यावं लागतं, आणि आजारी माणसाला तेच जमत नाही. वृद्धांच्या खोलीला स्वतःचा बॉक्स द्यावा. नव्या टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर आतच असेल, पेटीवर डीव्हीबी-एस२ लिहिलेलं असेल, तर बॉक्सचीही गरज नाही. वायर थेट टीव्हीला लागते. खरेदीच्या वेळी दुकानदाराला हे विचाराच.

वायर आरजी-६ जातीची घ्या. पंचवीस-तीस मीटरपर्यंत ती निर्धास्त चालते, त्याहून लांब नेली की सिग्नल मंदावतो. मध्ये जोड देऊ नका, एक अखंड तुकडा वापरा. घराचं बांधकाम चालू असेल तर प्रत्येक खोलीपर्यंत पाइप आत्ताच टाकून घ्या. नंतर भिंत फोडायचा खर्च छत्रीहून जास्त येतो.

छत्री कुठे वळवायची? फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला दिसतो, आकाशात साधारण ६० अंश उंचीवर. गच्चीवर किबल्याकडे तोंड करून उभं राहा. तुमच्या पाठीमागे, डाव्या हाताला जी दिशा येते तीच ही. त्या बाजूला नारळ, आंबा किंवा शेजारची पाण्याची टाकी आड येत नाही ना, ते आधी बघा. झाड वाढतं, हेही लक्षात ठेवा.

पाइप ओळंब्यात सरळ उभा हवा, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया. मोबाइलच्या कंपासवर दिशा बघताना लोखंडापासून चार पावलं दूर उभं राहा. छत्रीचा चेहरा ६० अंशांपेक्षा बराच उभा दिसेल. तिची घडणच तशी असते, तेव्हा क्लॅम्पवरच्या आकड्यांवर भरवसा ठेवा. मग खाली एकाला बॉक्ससमोर बसवा आणि छत्री अगदी बोटभर, हळूहळू हलवा. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ भरलेली दिसली म्हणून खूश होऊ नका. नुसती वायर जोडलेली असली तरी ती वर जाते. क्वालिटी वाढली तरच उपग्रह सापडला. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत थोडी फिरवून बघा, क्वालिटी अजून चढते. वायर काढ-जोड करताना बॉक्सचा प्लग काढलेला असू द्या.

कोकणातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी जास्त. मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ जातं, तो छत्रीचा दोष नाही. ६० सेंटिमीटरऐवजी ७५ किंवा ९० ची छत्री घेतली तर हा त्रास कमी होतो, पण मोठी छत्री वारा जास्त धरते, तेव्हा बोल्ट तसेच दणकट हवेत. दुसरं, पाणी वायरीवरूनच आत शिरतं. कनेक्टरवर वॉटरप्रूफ टेप घट्ट गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी वायरला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाईल. पाइपला अर्थिंग करून घ्या. विजा कडकडायला लागण्याआधीच बॉक्सचे प्लग आणि छत्रीच्या वायरी काढून ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र वायरीला हात लावू नका.

सोसायटीत राहत असाल तर गच्चीवर भोक पाडण्याआधी कमिटीची परवानगी लेखी घ्या. भाड्याच्या घरात मालकाला विचारा. पत्र्यावर किंवा कठडा नसलेल्या गच्चीवर एकट्याने चढू नका, रोजा असताना भर उन्हात तर नाहीच. कारागीर बोलावला तर मजुरी आधी ठरवा आणि तो जायच्या आत चारही खोल्यांत, एकाच वेळी, वेगवेगळे चॅनेल लावून बघा.