सॅमन डबाबंदी कारखाने व तेथील श्रमजीवन

सॅमन डबाबंदी कारखाने व तेथील श्रमजीवन : उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत, नद्यांच्या मुखांशी सॅमन मासा पकडून तो पत्र्याच्या डब्यांत हवाबंद करणारे हंगामी कारखाने १८६४ पासून उभे राहत गेले. त्यांत काम करणारे मजूर व त्यांना मासळी पुरविणारे मच्छीमार यांच्या दैनंदिन जीवनाचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

सॅमन समुद्रात वाढतो व अंडी घालण्यासाठी आपल्या जन्मनदीत परततो. ही परतीची झुंड एकेका नदीत अवघ्या काही आठवड्यांत येऊन जाते. मासा येण्यापूर्वी कारखाना मनुष्यबळासह सज्ज असावा लागे. मासा आल्यावर तो नासण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः एका दिवसाच्या आत, डब्यात जावा लागे. आणि तो आलाच नाही, तर सगळी गुंतवणूक वाया जाई. ही जोखीम कोणी सोसावयाची या प्रश्नाच्या उत्तरावरच कारखान्यातील वेतन, निवास व वांशिक उतरंड बेतलेली होती. तांत्रिक इतिहासांत यंत्रांची हकिकत तपशिलाने येते. जोखमीच्या या वाटपाकडे मात्र पुष्कळ उशिरा लक्ष गेले.

पहिला कारखाना ‘हॅपगुड, ह्यूम अँड कंपनी’ने १८६४ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रमेंटो नदीत एका सपाट तळाच्या नावेवर थाटला. सोन्याच्या खाणींतून वाहून येणाऱ्या गाळाने ती नदी लवकरच निकामी होऊ लागली, तेव्हा ह्यूम बंधू उत्तरेस कोलंबिया नदीवर गेले. तेथे पहिल्या हंगामात सु. ४,००० पेट्या भरल्या गेल्या. (एका पेटीत प्रत्येकी एक पौंडाचे, म्हणजे सु. ४५४ ग्रॅ. वजनाचे, ४८ डबे असत.) १८८३ मध्ये त्याच नदीवरील उत्पादन सहा लाख पेट्यांच्या पुढे गेले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फ्रेझर व स्कीना या नद्यांवर १८७० नंतर, तर अलास्कात १८७८ पासून कारखाने निघाले. ब्रिटनमधील गिरणी कामगारांना हे स्वस्त व टिकाऊ मांसान्न परवडत असल्याने तेथे मोठी बाजारपेठ लाभली. पुढे अमेरिकेतील मागणीही वाढली आणि १९३६ मध्ये एकट्या अलास्काचे उत्पादन सु. ८४ लाख पेट्यांवर पोहोचले.

अलास्कातील बहुतेक कारखाने वस्तीपासून दूर होते. वसंत ऋतूत सॅन फ्रॅन्सिस्कोहून जहाज निघे, त्यातच पत्रा, कोळसा, मीठ, लाकूड, धान्य आणि माणसे असत. शरद ऋतूत तेच जहाज भरलेल्या पेट्या घेऊन परते. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘अलास्का पॅकर्स असोसिएशन’ या बलाढ्य संस्थेने यासाठी जुनी शिडाची जहाजे स्वस्तात घेतली. त्यांपैकी ‘स्टार ऑफ इंडिया’ हे मूळचे ‘युटर्पी’, १८६३ मध्ये आइल ऑफ मॅन येथे हिंदुस्थानच्या व्यापारासाठी बांधलेले. सॅमनच्या वाहतुकीत ते १९२३ पर्यंत होते. इटालियन व स्कँडिनेव्हियन मच्छीमार जहाज हाकारण्याचे काम करीत. चिनी व इतर आशियाई मजूर खालच्या मजल्यावर दाटीने कोंबलेले असत. २० सप्टेंबर १९०८ रोजी याच संस्थेचे ‘स्टार ऑफ बेंगॉल’ जहाज परतीच्या वाटेवर अलास्कातील कॉरोनेशन बेटाच्या खडकांवर आपटून फुटले. जहाजावरील १३८ जणांपैकी सु. ११० बुडाले. त्यांतील बहुसंख्य आशियाई मजूर होते. हंगामाचा हिशेब अद्याप त्यांच्या हाती पडावयाचा होता.

मच्छीमार : कोलंबिया नदीवर दोन टोकांना निमुळती, शीड व वल्ही यांवर चालणारी नाव वापरीत. तीवर दोघे जण असत. एक नाखवा व दुसरा वल्हेकरी. माशाचे डोके आत शिरून कल्ल्यांपाशी अडकेल अशा आसांचे, काही शे मीटर लांबीचे तागी सुताचे जाळे प्रवाहात आडवे सोडून ते नावेसह वाहू देत. जाळ्याच्या वरच्या काठास देवदाराचे तरंड व खालच्या काठास शिसे असे. दिवसा मासा जाळे पाहून टाळतो, म्हणून ही मासेमारी प्रायः रात्री चाले. ओहोटीच्या जोराने नाव नदीमुखाच्या वाळूच्या दांड्यावर फेकली गेली, तर वाचणे कठीण. अ‍ॅस्टोरिया गावात अशा तऱ्हेने बुडालेल्यांची संख्या मोठी होती. नदीकाठच्या काही वाळवंटांवर लांब ओढजाळी घोड्यांच्या जोड्या लावून पाण्याबाहेर खेचीत.

जाळ्याची निगा हा स्वतंत्र उद्योगच होता. माशांच्या बुळबुळीत स्रावाने सूत कुजते. त्यामुळे मासेमारी बंद असलेल्या काळात जाळी मोरचुदाच्या पाण्याने भरलेल्या लाकडी हौदांत बुडवीत, मांडवांवर वाळवीत आणि फाटलेले आस विणीत. मच्छीमाराचा विश्रांतीचा दिवस सहसा असा जाई.

अलास्कातील ब्रिस्टल उपसागरात सु. ९ मी. लांबीच्या शिडाच्या नावा वाफेच्या बोटीमागे माळेसारख्या बांधून मासेमारीच्या जागी सोडीत. नावेच्या पुढील भागावर कापड ताणून केलेल्या आडोशाखाली दोघेही आळीपाळीने झोपत आणि स्टोव्हवर कॉफी उकळीत. पकडलेला मासा एकदाती टोकदार आकड्याने उचलून मालवाहू नावेत फेकीत. हिशेब नगावर होई. येथे मासेमारीच्या नावांना इंजिन बसविण्यास १९५१ पर्यंत बंदी होती. मत्स्यसंवर्धन हे तिचे सांगितले जाणारे कारण. पण बहुतेक नावा कारखान्यांच्याच मालकीच्या होत्या आणि ओढून नेल्या जाणाऱ्या नावेचा मच्छीमार आपला मासा दुसऱ्यास विकू शकत नसे, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

मच्छीमार स्वतंत्र समजला जाई, परंतु नाव व जाळे कारखान्याचे असल्यास पकडीचा भाग भाड्यापोटी वळता होई. मासा कमी आला की कमाई कमी; आणि फार आला, तर कारखाना प्रत्येक नावेवर मर्यादा घाली, वरचे मासे पाण्यात फेकावे लागत. म्हणजे दुष्काळ व सुकाळ दोन्ही त्याच्याच अंगावर येत. कोलंबियावर १८९६ मध्ये पौंडास पाच सेंट भावासाठी संप झाला, तेव्हा सरकारने सशस्त्र दल पाठविले. फ्रेझर नदीवरील स्टीव्हस्टन येथील १९०० च्या संपातही सैनिक उतरविण्यात आले. अ‍ॅस्टोरियातील मच्छीमारांनी १८९६ च्या संपानंतर स्वतःचा सहकारी कारखाना काढला.

कारखान्यातील दिवस : कारखाना भरतीच्या पाण्यावर लाकडी खांब रोवून बांधलेला असे. हंगामापूर्वीचे काही आठवडे डबे करण्यात जात. पत्र्याचे तुकडे कापणे, वाकविणे व डाख देऊन जोडणे ही कामे प्रारंभी हातानेच होत. मासळीची नाव धक्क्याला लागली की वाफेची शिटी वाजे आणि मग मासा संपेपर्यंत काम चाले. ऐन भरात सोळा-सोळा तास. मासा नसेल तेव्हा पुन्हा शांतता.

टेबलाशी उभा असलेला कापणारा मजूर काही मोजक्या घावांत डोके, शेपूट व पर उडवून पोट साफ करीत असे. हा कारखान्यातील सर्वांत कुशल व आशियाई मजुरांत सर्वांत जास्त वेतनाचा कामगार. धुणारे थंड वाहत्या पाण्यात रक्त व खवले खरवडून काढीत. तासन्‌तास ओले राहून हातांस चिरा पडत आणि पर टोचून झालेल्या जखमा चिघळत. नंतर डब्याच्या उंचीएवढे तुकडे करून ते मिठासह डब्यात दाबून भरीत, झाकण बसवीत व डाख देत. डबे एकदा शिजवून, झाकणास छिद्र पाडून कोंडलेली वाफ सोडीत, छिद्र बंद करून पुन्हा शिजवीत. नंतरच्या काळात दाबाखालील बाष्पपात्रात सु. ११५° से. तापमानास दीड तास शिजविण्याची रीत रूढ झाली; त्यात काटेही मऊ होऊन खाण्याजोगे होतात. थंड झालेल्या प्रत्येक डब्यावर लोखंडी सळईने टिचकी मारून एक अनुभवी मजूर नाद ऐके. बद्द आवाज आला की डबा गळका समजून बाजूला काढी. आतडी व डोकी फळ्यांच्या फटींतून खाली समुद्रात जात. मुंबईत जन्मलेले इंग्रज लेखक रड्यर्ड किपलिंग यांनी १८८९ मध्ये कोलंबियावरील असा कारखाना पाहून तेथील चिनी मजुरांचे वर्णन अलाहाबादच्या ‘पायोनियर’ पत्रासाठी लिहिले होते.

कंत्राट पद्धती : कारखानदार मजुरांशी व्यवहार करीत नसे. चिनी कंत्राटदार दर पेटीमागे ठरावीक दराने सर्व काम अंगावर घेई, मजूर आणी, मुकादम नेमी व जेवणाचीही सोय करी. मजुराला हंगामाचे ठोक वेतन कबूल केले जाई; त्यातून आधी घेतलेली उचल, कपडेलत्ते, कंत्राटदाराच्या दुकानातील माल व मुकादमाच्या देखरेखीखाली चालणाऱ्या जुगारातील देणे वळते होई. सहा महिन्यांच्या कष्टानंतर बंदरावर उतरताना हाती काही न उरलेले मजूर अपवादात्मक नव्हते. जेवण हा कंत्राटदाराच्या नफ्याचा भाग असल्याने भात व मासा यांपलीकडे ताटात फारसे काही पडत नसे. गोऱ्या कामगारांची भोजनशाला वेगळी व अन्नही वेगळे असे.

अमेरिकेत १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली, कॅनडाने १८८५ मध्ये त्यांच्यावर डोईपट्टी बसविली. माणसे कमी पडू लागल्यावर जपानी व १९२० नंतर मुख्यतः फिलिपिनो तरुण आले. अलास्कात जाणारे म्हणून ते स्वतःस ‘अलास्केरो’ म्हणवीत. कार्लोस बुलोसान या फिलिपिनो लेखकाच्या १९४६ मधील ‘अमेरिका इज इन द हार्ट’ या आत्मकथनपर ग्रंथात या जीवनाचे चित्रण आहे. ब्रिटिश कोलंबियात धुण्याची व डबे भरण्याची कामे प्रामुख्याने त्सिम्शियन, हायडा इ. आदिवासी स्त्रिया करीत. सबंध कुटुंब हंगामासाठी कारखान्यावर येई, पुरुष मासेमारी करीत आणि तान्ही मुले आईच्या जवळपास ठेवलेली असत. मजुरी भरलेल्या तबकांवर मिळे. दर तबकामागे पत्रिकेवर एक छिद्र पाडीत. निवासही विभागलेला होता: चिन्यांची लांबट बराक, जपानी वस्ती, आदिवासींच्या झोपड्या आणि व्यवस्थापकाचे घर एकाच धक्क्याच्या आसपास, परंतु एकमेकांपासून अलग. दुसऱ्या महायुद्धात कॅनडा सरकारने जपानी वंशाच्या मच्छीमारांच्या सु. १,२०० नावा जप्त केल्या व १९४२ मध्ये त्यांना किनाऱ्यावरून हलविले.

मासा कापणारे यंत्र सिअ‍ॅटलच्या एडमंड स्मिथ यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी तयार केले. ते मिनिटाला साठ किंवा त्यांहून अधिक मासे साफ करी. चिनी माणसास उद्देशून वापरल्या जाणाऱ्या एका शिवीला ‘लोखंडी’ हे विशेषण जोडून त्याचे व्यापारी नाव ठेवले गेले आणि यंत्रावरील पाटीवरही ते कोरले गेले. ज्याचे काम यंत्राने घेतले त्याचीच अवहेलना अशा रीतीने त्याच्यासमोर दिवसभर फिरत राहिली.

संघटना व कायदा : १९३३ मध्ये सिअ‍ॅटल येथे फिलिपिनो कामगारांनी डबाबंदी व शेतमजुरांची संघटना स्थापन केली. कंत्राटदारांची सद्दी मोडणे हे तिचे पहिले उद्दिष्ट. तिचे अध्यक्ष व्हर्जिल दुयुंगान व सचिव ऑरेलिओ सिमोन यांची १ डिसेंबर १९३६ रोजी हत्या झाली. तथापि त्यानंतर अल्पावधीतच कंत्राट पद्धती संपुष्टात येऊन भरती संघटनेमार्फत होऊ लागली. वांशिक विभागणी मात्र टिकली. वॉर्ड्‌स कोव्ह कंपनीच्या कारखान्यांतील आशियाई व अलास्कातील मूळ रहिवासी कामगारांनी १९७४ मध्ये न्यायालयात तक्रार केली, की कुशल पदे गोऱ्यांना, डबाबंदीची कामे इतरांना आणि निवास व भोजनशाला वेगवेगळ्या, ही व्यवस्था भेदभावाची आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी पुराव्याचा भार कामगारांवर टाकला. काँग्रेसने १९९१ च्या नागरी हक्क कायद्याने हा निर्णय बव्हंशी फिरविला, परंतु कायद्याची कलमे अशा रीतीने आखली गेली, की मूळ तक्रार करणारे कामगार तेवढे त्याच्या लाभातून वगळले गेले.

ऱ्हास : फ्रेझर नदीच्या सॉकाय सॅमनची १९१३ ची पकड अमेरिका व कॅनडा मिळून सु. २४ लाख पेट्यांची होती. त्याच सुमारास ‘हेल्स गेट’ या घळईत रेल्वेमार्गाच्या कामातील दगड नदीत पडून व १९१४ मध्ये दरड कोसळून माशांची वाट अडली आणि त्या नदीचा उद्योग पुढील कित्येक दशके सावरला नाही. कोलंबियावर बॉनव्हिल (१९३८) व ग्रँड कूली (१९४२) या धरणांनी तेच घडविले. अलास्कातील पकड इतकी घटली, की १९५३ मध्ये तेथील मत्स्यक्षेत्र आपद्‌ग्रस्त घोषित करावे लागले; कारखान्यांच्या मालकीचे स्थिर सापळे १९५९ मध्ये राज्यस्थापनेबरोबर बंद झाले. शीतकरणाच्या सोयी वाढल्यावर बराच मासा गोठवून विकला जाऊ लागला. डबाबंदी अलास्कात अद्याप चालते, पण पूर्वीच्या तुलनेने थोड्या ठिकाणी. स्टीव्हस्टन येथील १८९४ मधील ‘गल्फ ऑफ जॉर्जिया’ व स्कीना नदीवरील १८८९ मधील ‘नॉर्थ पॅसिफिक’ हे कारखाने आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळे म्हणून जतन केले आहेत. ‘स्टार ऑफ इंडिया’ हे जहाज सॅन डिएगो येथे संग्रहालय म्हणून उभे आहे.