विखुरलेली पाने, एकच ग्रंथ

परमपूज्य बाबासाहेबांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले, तेव्हा त्यांचे बरेचसे लेखन अप्रकाशित होते. ती हस्तलिखिते पुढे अनेक वर्षे पेट्यांत बंद राहिली. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली. वसंत मून यांनी संपादनाचा भार वाहिला आणि १९७९ साली इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड निघाला. १९८७ साली ‘रिडल्स इन हिंदुइझम’चा खंड सिद्ध करताना मात्र त्याची प्रकरणे निरनिराळ्या फायलींत सुटी मिळाली, अंतिम प्रत हाती आली नाही. क्रम संपादकांना लावावा लागला. पान जपणे आणि त्याची जागा जपणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे येथे उमगते.

बौद्ध वाङ्मयाने हा अनुभव फार मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. चीनमधील दुनहुआंग येथील एका बंद गुहेत १९०० साली हजारो हस्तलिखिते सापडली. पुढे ती लंडन, पॅरिस, सेंट पीटर्सबर्ग, बीजिंग येथे विखुरली. १९९४ पासून ब्रिटिश लायब्ररीच्या पुढाकाराने त्यांच्या संगणकीय प्रतिमा एकत्र पाहण्याची सोय होऊ लागली. मूळ पान जिथे आहे तिथेच राहते; त्याची प्रतिमा मात्र दुरावलेल्या पानाशेजारी येते.

या कामाची रीत साधी, पण शिस्तीची आहे. पानाच्या दोन्ही बाजू टिपायच्या, मागची बाजू कोरी असली तरी. शेजारी मोजपट्टी ठेवायची. प्रत्येक प्रतिमेला क्रमांक द्यायचा. कागद कोणाकडे आहे, कोणत्या साली लिहिला, आधीचे व नंतरचे पान कोणते, याची नोंद करायची. प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. नोंद नसेल तर उरते ती केवळ छायाचित्रांची रास.

शहापूर-मुरबाडच्या आपल्या घरांतही जुन्या ट्रंका आहेत. कुणाकडे जलशाच्या गाण्यांची वही असेल, कुणाकडे ‘जनता’ वा ‘प्रबुद्ध भारत’चा अंक, सभेचे हस्तपत्रक किंवा वडिलांचे पत्र. आपल्याकडचा पावसाळा आणि वाळवी या कागदांची वाट पाहत नाहीत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. गंजलेली टाचणी अलगद काढावी, कागद कोरड्या जागी ठेवावा आणि मोबाइलने का होईना, त्याची स्वच्छ प्रतिमा घ्यावी. मूळ कागद कुणाच्या स्वाधीन करण्याची गरज नाही.

याहून निकडीचे एक काम आहे. छायाचित्रातील चेहरे आणि वहीतील हस्ताक्षर ओळखणारी वडीलधारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ बसून नावे विचारून घ्यावीत. कागद उद्याही टिपता येईल. ती ओळख मात्र त्यांच्याबरोबर जाईल. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या घरातली एक ट्रंक उघडावी, एवढीच आमची विनंती आहे.