तिरपे पडदे

हिंजवडींतील एका मुलाचें विजेचें मॅंडोलिन पाहून, "पडदे वांकडे बसले कीं रे!" असें मी म्हणालों. चूक माझी होती.

खर्जाची जाड तार आखूड असली तर सैल पडून बद्द बोलते. टिपेची बारीक तार लांबविली तर ताण न सोसून तुटते. म्हणून खर्जाची लांब व टिपेची आखूड ठेवितात. परंतु वरचें सप्तक ज्या त्या तारेच्या निम्म्यावरच सांपडतें. तेव्हां पडदे पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरणें ओघानेंच आलें. अमेरिकेंतील राल्फ नोव्हाक यांना १९८९ सालीं अशा रचनेचें पेटंट मिळालें. पण सतराव्या शतकांतील इंग्रजी ऑर्फेरियनवरहि तिरपे पडदे आढळतात.

मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले; कान सांगेल तसे सरकतात. येथें ते कायमचे ठोकलेले. माप चुकलें कीं वाद्य जन्मभर बेसूर. म्हणून निवाडा डोळ्यानें नव्हे, कानानें करावा.