थरथरत्या आरशाचं गणित

रात्री हायवेवर मागून ट्रक येतो आणि आरशात त्याचे दिवे नुसत्या रेघा होऊन नाचतात. जुनी बुलेट चालवणाऱ्याला हे चांगलंच ठाऊक आहे. दोष काचेचा नसतो, तिच्या दांडीचा असतो.

३४६ सीसीच्या त्या इंजिनात सिलिंडर एकच. पिस्टन वरखाली होताना बसणारा हिसका पुरता तोलून धरणारं तिथे काही नाही. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० हिसके, आणि ते हँडलमधून थेट आरशाला पोचतात. दांडी आणि टोकाचं वजन यांची मिळून स्वतःची एक कंपनसंख्या असते. हिसके तिच्याशी जुळले की अनुनाद होतो. म्हणून तर ठरावीक वेगाला चित्र फुटतं आणि जरा रेस वाढवली की पुन्हा निवळतं. त्यात आरसा १ अंश हलला तर परावर्तित किरण २ अंश वळतो. ३० मीटरवर हा फरक मीटरभराचा!

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर हवा तसा माउंट करून मिळतो, पण काय मागायचं ते कळायला हवं. आखूड दांडीच्या आरशात आपलंच कोपर दिसतं, म्हणून लोक लांब दांडी मागतात. तिथेच चुकतं. दांडी निम्मी केली तर ताठरपणा ८ पट होतो. जाडी ८ ऐवजी १० मिलिमीटर केली तर जवळपास अडीच पट. तेव्हा दांडी आखूडच ठेवावी आणि तिचा पाया बाहेर सरकवावा: २२ मिलिमीटरच्या हँडलला घट्ट धरणारा क्लॅम्प, त्यातून निघालेली रुंद पट्टी, पट्टीच्या टोकाला आटे.

पट्टी ॲल्युमिनियमची चालेल? त्याच मापाची केली तर पोलादाच्या जवळजवळ तिप्पट वाकेल. पण ८ मिलिमीटर पोलादाऐवजी १२ मिलिमीटर ॲल्युमिनियम घेतलं, तर ताठरपणा थोडा जास्तच मिळतो आणि वजन निम्म्यावर येतं. धातूपेक्षा मापाला इतकं महत्त्व आहे, हे मला या सगळ्यात फार आवडतं. तयार माउंटवरच्या आरशाला टिचकी मारून पाहा. लांब दांडीवरचा झणझणत राहतो, आखूड आणि जाड दांडीवरचा लगेच गप्प होतो.

आरसा दुसऱ्या गाडीचा लावणार असाल तर आटे आधी तपासा. यामाहाच्या अनेक गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, धक्का बसला तर तो तुटण्याऐवजी सैल व्हावा म्हणून. पट्टीत सरळ टॅप फिरवून झाल्यावर हे कळलं, तर ती पट्टी वाया गेली.