आजारी मांजर दडून का बसतं?
चिचगडसारख्या जंगलालगतच्या गावात भटकं मांजर आजारी पडलं, की तणसाच्या ढिगाआड किंवा माळ्यावर दिसेनासं होतं. त्याला मरण आधीच कळतं, असं लोक म्हणतात. पण कारण साधं आहे. मांजर शिकारी असलं तरी कुत्र्यांचं आणि बिबट्याचं भक्ष्यही आहे, त्यामुळे दुबळेपण लपवणारं तगतं. शिवाय तापात खाणं, हिंडणं, अंग चाटणं कमी करून शरीर आजाराशी लढायला ताकद राखतं, असं पशुवर्तनाचे अभ्यासक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये मांडलं. मग दडलेली मांजरं मेलेलीच का सापडतात? कारण बरी झालेली गुपचूप परततात, त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. म्हणून दडलेल्या मांजराची आशा सोडू नये. उघड्या हाताने न धरता पशुवैद्यकांना कळवावं.